आरव्हीच्या प्रोपेन टाकीची तारीख उलटली: नवी घ्यायची की तपासून पुन्हा वापरायची?

अमेरिकेतली बरीच मराठी कुटुंबं आधी आरव्ही, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन करून येतात. त्यातल्या काहींना मग या प्रवासाची चटक लागते आणि दारात वापरलेला ट्रेलर येतो. ट्रेलर दहा-बारा वर्षांचा असला तर पुढच्या जोडदांड्यावरच्या प्रोपेनच्या टाक्याही बहुधा तेवढ्याच जुन्या असतात. वसंतात पहिल्या सहलीआधी टाकी भरायला न्यावी, तर भरणारा कॉलरवर, म्हणजे झडपेभोवतीच्या कड्यावर, बोट ठेवून सांगतो, "तारीख उलटली आहे, भरता येणार नाही." सहल दोन दिवसांवर आलेली असते आणि हातात दोन रिकाम्या टाक्या असतात.

हे वाक्य ऐकून अनेक जण चांगल्या टाक्या टाकून देतात. काही जण उलट करतात. तारखेकडे काणाडोळा करणारा कुणीतरी शोधतात आणि गंजकी टाकी भरून आणतात. दोन्ही गोष्टी करायची गरज नाही. तारीख उलटली याचा अर्थ टाकी मेली असा नसून, ती आता जाणकाराने बघायची वेळ झाली, एवढाच आहे. बघून झाल्यावर ठेवायची की काढायची, हे प्रत्येक टाकीचं वेगळं ठरतं.

भारतातून आलेल्यांचा इथे एक घोटाळा हमखास होतो. आपल्याकडे घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर गॅस कंपनीचा असतो. त्याच्या चाचणीची काळजी कंपनीने घ्यायची. वरच्या कड्याखालच्या पट्टीवर ‘बी-२७’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे एप्रिल ते जून २०२७ या तिमाहीत चाचणी करायची. ती तारीख पुढची असते. अमेरिकन टाकीच्या कॉलरवर ठोकलेली मूळ तारीख मागची असते. टाकी बनली तो महिना आणि ते वर्ष. त्यामुळे ‘०५-१४’ वाचून "ही तर २०१४ मध्येच संपली" असं समजू नका. ती मे २०१४ मध्ये बनली आणि तिथून तिची भरून घेण्याची पहिली मुदत, म्हणजे बारा वर्षं, सुरू झाली. आणि इथे टाकी तुमच्या मालकीची आहे. तिची तारीख लक्षात ठेवणं हेही तुमचंच काम.

आधी टाकी कोणत्या प्रकारची ते ओळखा

आरव्हीमध्ये दोन वेगळ्या नियमांखालच्या टाक्या असतात आणि निम्मा गोंधळ इथेच होतो.

ओढायच्या ट्रेलरवर आणि फिफ्थ व्हीलमध्ये (पिकअप ट्रकच्या हौद्यात जोड बसवून ओढायचा मोठा ट्रेलर) उचलून नेता येणारे सिलिंडर असतात. २०, ३० किंवा ४० पौंडी. हे डीओटीच्या, म्हणजे अमेरिकन परिवहन खात्याच्या नियमांत येतात. मुदत आणि फेरतपासणी यांनाच लागू. ३० पौंडी टाकीत साडेतेरा किलोच्या आसपास गॅस मावतो, म्हणजे आपल्या घरगुती सिलिंडरपेक्षा थोडासाच कमी.

मोटरहोमच्या, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या आरव्हीच्या, पोटाखाली आडवी, चौकटीला बोल्टने पक्की केलेली टाकी असते. ती डीओटीची नव्हे. ती एएसएमई या अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकानुसार बनलेली असते आणि तिच्यावर तशी धातूची पाटी असते. या टाकीला बारा वर्षांचा नियम नाही. तरीही अधूनमधून एखादा नवशिका भरणारा तिच्यावर डीओटीची तारीख शोधतो आणि ती सापडली नाही म्हणून नकार देतो. अशा वेळी वाद घालत बसू नका. गाडीखाली वाकून त्याला एएसएमईची पाटी दाखवा. पाटीवर रंग चढला असेल तर तो आधीच हळूच साफ करून ठेवा. पाटी वाचता आली नाही तर त्याचा नकार रास्त ठरतो. मुदत नसली, तरी रस्त्यावरचं मीठ आणि चिखल या टाकीलाही खातात, म्हणून वर्षातून एकदा गॅसच्या जाणकाराला गाडीखालून ती दाखवा. भरायच्या तोंडावरचं झाकण, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि बांधणीचे पट्टे त्याने बघितले पाहिजेत.

इथून पुढचा मजकूर उचलून नेता येणाऱ्या डीओटी सिलिंडरबद्दल आहे.

कॉलर वाचायची कशी

झडपेभोवतीचं, हातात धरायला भोकं ठेवलेलं कडं म्हणजे कॉलर. टाकीची कुंडली त्यावरच ठोकलेली असते. रंगाच्या थरांमुळे अक्षरं बुजली असतील तर पांढरा खडू आडवा घासा. खोलगट अक्षरं गडद राहतात आणि वाचता येतात. संध्याकाळी टॉर्च अगदी तिरपा धरला तरी चालतं.

‘डीओटी-४बीए२४०’ किंवा ‘४बीडब्ल्यू२४०’ असं दिसलं तर ती नेहमीची पोलादी टाकी. २४० हा कामाचा दाब, पौंड प्रति चौरस इंचात. ‘४ई’ असेल तर ॲल्युमिनियमची. ‘डब्ल्यूसी’ म्हणजे टाकीत किती पौंड पाणी मावेल तो आकडा. २० पौंडी टाकीवर तो ४७.६ च्या आसपास असतो. त्याचे ४२ टक्के केले की बरोबर २० येतात, आणि टाकीला ‘२० पौंडी’ म्हणायचं कारण हेच. उन्हात द्रव फुगतो, म्हणून टाकी पूर्ण कधीच भरत नाहीत, साधारण ८० टक्क्यांवर थांबतात. ‘टीडब्ल्यू’ म्हणजे रिकाम्या टाकीचं वजन. हा आकडा मोबाइलमध्ये टिपून ठेवा. पुढे टाकी वजनकाट्यावर ठेवून त्यातून टीडब्ल्यू वजा केलं की आत किती गॅस उरला ते अचूक कळतं. एकूण ४१ पौंड भरलं आणि टीडब्ल्यू २५ असेल तर १६ पौंड गॅस शिल्लक. टाकीवर चिकटवायच्या चुंबकी पट्ट्यांपेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे.

आता तारीख. मूळ तारीख महिना-वर्ष अशी असते. तिच्याशिवाय आणखी एखादी तारीख, नंतर ठोकलेली किंवा टिकाऊ लेबलवर छापलेली, दिसली तर ती फेरतपासणीची. तिच्याजवळ इंग्रजी ‘ई’ अक्षर असेल तर बाहेरून डोळ्यांनी तपासणी झाली आहे आणि त्या तारखेपासून पाच वर्षं टाकी भरता येते. समजा मूळ तारीख ०३-१२ आहे आणि बाजूला ०६-२४ ई आहे. मग ती टाकी जून २०२९ पर्यंत भरून मिळायला हवी. मूळ तारखेकडे बघून कुणी परत पाठवत असेल तर ‘ई’ दाखवा.

बारा की दहा, हा गोंधळ तुमच्या कानावर येईल. पहिल्या मुदतीची बारा वर्षं २०१६ मध्ये दहा करण्यात आली होती. गॅस व्यवसायाने हरकत घेतली आणि पुढे ती पुन्हा बारा झाली. जुनी माहिती घेऊन बसलेले भरणारे अजूनही दहाच मोजतात. कॅनडात मात्र नियमच दहा वर्षांचा आहे. अकरा वर्षांची टाकी घेऊन बॅन्फला निघाला असाल तर सीमा ओलांडण्याआधीच भरून घ्या.

मुदत उलटली म्हणजे नेमकं काय करता येत नाही

मुदत उलटलेली टाकी भरता येत नाही. बंधन भरण्यावर आहे. मुदतीत असताना भरलेला गॅस मुदत उलटल्यावरही संपेपर्यंत वापरता येतो. म्हणून टाकी अर्धी भरलेली असताना तारीख गेली तर गॅस हवेत सोडून देऊ नका. चुलीवर, हीटरवर निवांत संपवा आणि मग निर्णय घ्या. अट एकच, टाकी शाबूत हवी. गळणारी किंवा खोल गंजलेली टाकी तारखेत असली तरी वापरायची नाही.

भरणाऱ्यावर दबाव आणू नका, हेही मनापासून सांगतो. मुदत उलटलेली टाकी भरली तर नियमभंग त्याचा होतो, आणि भरताना टाकीशेजारी उभा तोच असतो. "बाकीचे भरून देतात" हे वाक्य त्याला ऐकवण्यात काही अर्थ नाही.

घरच्या घरी पाहणी

तपासनीसाकडे नेण्याआधी स्वतः बघा. निम्म्या टाक्यांचा निकाल अंगणातच लागतो.

टाकीला आवरण असेल तर ते काढून टाकी स्वच्छ धुवा. मग सगळ्यात आधी तळाचं कडं बघा. टाकी आडवी करून बघायची असेल तर ती रिकामी आणि झडप बंद असली पाहिजे. गंज वरून दिसतो तिथे क्वचितच घातक असतो. घातक असतो तो तळाच्या कड्याच्या आत, जिथे पानं, माती आणि ओल साचून राहते. बोटाने माती खरवडा, ताठ ब्रश फिरवा. तपकिरी पूड निघून खाली गुळगुळीत धातू लागला तर चिंता नाही. पापुद्रे सुटत असतील, धातूत टोकदार खड्डे पडले असतील किंवा कडंच वाकून टाकी डुगडुगत असेल, तर ती फेरतपासणीत टिकणार नाही. पैसे वाचवा आणि नवी घ्या.

पुढे पोचे. वेल्डच्या सांध्यावर पोचा आला असेल तर त्याची खोली पाव इंचाच्या वर चालत नाही. वेल्डपासून दूर असलेला पोचा त्याच्या रुंदीच्या एक दशांशापेक्षा खोल नसावा. तीन इंच रुंद आणि जेमतेम पाव इंच खोल असलेला उथळ पोचा त्यामुळे बसतो, पण तेवढाच खोल आणि इंचभर रुंदीचा बसत नाही. अणकुचीदार चरे जास्त वाईट, कारण तिथे धातूची जाडीच कमी झालेली असते.

रंग फुगलेला, करपलेला, किंवा झडपेचं प्लास्टिकचं चाक वितळलेलं दिसलं तर टाकीला आगीची धग लागली आहे असं समजा. तिच्यावर पुढे विचार करू नका, ती बादच.

झडपेचं चाक त्रिकोणी असून त्यावर ‘ओपीडी’ लिहिलेलं हवं. ओपीडी म्हणजे आत तरंगणारा फ्लोट. पातळी ८० टक्क्यांच्या आसपास गेली की तो भरणं थांबवतो. ४ ते ४० पौंडांच्या टाक्यांना तो १९९८ पासून येऊ लागला आणि १ एप्रिल २००२ पासून ओपीडी नसलेल्या अशा टाक्या भरणं बंद झालं. आडव्या वापरासाठी बनवलेले काही जुने सिलिंडर तेवढे याला अपवाद आहेत. गोल, फुलाच्या आकाराचं चाक असलेली उभी टाकी जुन्या ट्रेलरसोबत मिळाली असेल, तर तिची झडप बदलून घेण्याचा खर्च नव्या टाकीच्या जवळ जातो.

एक गोष्ट मात्र करू नका. तपासणीच्या आदल्या दिवशी गंजावर रंग फासून टाकी चकचकीत करू नका. तपासनीसाला धातू बघायचा असतो. ताजा जाड रंग दिसला की तो एक तर टाकी परत करेल किंवा रंग काढून आणायला सांगेल. रंग तपासणीनंतर द्या. तो पांढरा किंवा फिकट असावा म्हणजे उन्हात टाकी कमी तापते. कॉलरवरची अक्षरं आणि झडप झाकून मगच स्प्रे मारा.

ठेवायची की बदलायची

माझं मत सरळ आहे. साधी २० पौंडी पोलादी टाकी फेरतपासणीच्या फंदात न पडता बदलावी. नवी टाकी ५० डॉलरच्या आगेमागे मिळते आणि तिच्यासोबत बारा वर्षं येतात. फेरतपासणीत पाचच मिळतात, शिवाय जाणं-येणं वेगळं.

३० आणि ४० पौंडी टाक्यांचं गणित वेगळं आहे. त्या महाग असतात, सगळीकडे मिळत नाहीत आणि दुकानाबाहेरच्या अदलाबदलीच्या (रिकामी देऊन भरलेली घ्यायच्या) पिंजऱ्यात सहसा नसतात. अंगाने चांगल्या असतील तर फेरतपासणी करून घ्यावी. ॲल्युमिनियमची टाकी तर कधीच सहजासहजी सोडू नये. ती वजनाला हलकी, गंजत नाही, आणि नवीचा भाव ऐकला की फेरतपासणीचं शुल्क किरकोळ वाटतं. फिफ्थ व्हीलच्या कप्प्यात आडवे बसणारे सिलिंडर असतील तर तेही तपासून घ्या, कारण तोच आकार पुन्हा मिळवायला वणवण होते. त्या जागी उभा सिलिंडर आडवा टाकायचा विचार मनातही आणू नका. त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह नेहमी वरच्या वाफेत राहिला पाहिजे. आडवा केला तर तो द्रवात बुडतो आणि चुलीकडेही वाफेऐवजी द्रव जाऊ शकतो.

अदलाबदलीबद्दल थोडं. ब्लू रायनो किंवा अमेरीगॅसचे पिंजरे किराणा दुकानं आणि पेट्रोल पंपांबाहेर दिसतात. मुदत उलटलेली २० पौंडी टाकी ते साधारणपणे घेतात आणि भरलेली देतात. जुन्या टाकीचं काय करायचं हा प्रश्नही सुटतो. पण त्या टाकीत २० पौंड नव्हे, बहुधा १५ पौंडच गॅस असतो. त्यामुळे हा मार्ग एकदाच वापरा. देताना कॉलर बघून सगळ्यात नवी तारीख असलेली टाकी मागून घ्या आणि पुढे ती ट्रॅक्टर सप्लाय, यू-हॉल किंवा गॅस विक्रेत्याकडे भरत राहा. एक खबरदारी घ्या. ॲल्युमिनियमची टाकी चुकूनही या पिंजऱ्यात ठेवू नका, बदल्यात पोलादी मिळेल.

फेरतपासणी कुठे आणि कशी

हे काम कुणीही ‘बघून दिलं’ असं होत नाही. तपासणाऱ्याकडे परिवहन खात्याच्या घातक-माल विभागाने दिलेला ओळख क्रमांक लागतो. त्याला ‘रिन’ म्हणतात. फक्त बाहेरून तपासणी करणाऱ्यांचा क्रमांक इंग्रजी ‘व्ही’ने सुरू होतो आणि पुढे सहा आकडे असतात. त्या विभागाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त केंद्रं शोधता येतात. व्यवहारात मात्र फोन करणं जास्त सोपं. आधी मोठ्या गॅस विक्रेत्यांना, म्हणजे जे घरांना टँकरने प्रोपेन पुरवतात त्यांना फोन करा. काही यू-हॉल केंद्रंही हे काम करतात.

फोनवर तीन गोष्टी विचारा. बाहेरून तपासणी करून ‘ई’ची खूण देता का? टाकी रिकामी आणायची की गॅस असला तरी चालेल? आणि तपासणी करून तिथेच भरून मिळेल का? शुल्क गावोगावी बदलतं. काही विक्रेते गॅस तिथेच भरणाऱ्याला तपासणी जवळपास फुकट करून देतात.

तपासणी फार वेळ घेत नाही. टाकीचं अंग, वेल्ड, कॉलर, तळाचं कडं, झडप, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि ओपीडी बघितले जातात, गळती तपासली जाते आणि नोंद केली जाते. मग तारीख, क्रमांक आणि ‘ई’ यांची खूण टाकीवर केली जाते. खूण होईपर्यंत तिथून हलू नका. पावती हातात आहे पण टाकीवर काहीच नाही, अशा टाकीचा पुढच्या भरणाऱ्याला काही उपयोग नाही. कॅम्पग्राउंडवरचा माणूस पावती बघत नाही, तो कॉलर बघतो.

पाण्याच्या दाबाने केलेली चाचणी हा दुसरा प्रकार. तिने पाच वर्षांपेक्षा जास्त मुदत मिळते, पण झडप काढावी लागते, आतून वाळवावं लागतं आणि खर्च वाढतो. दोन टाक्या असलेल्या घरगुती आरव्हीवाल्याने त्या वाटेला जायचं कारण नाही. पाच वर्षांनी पुन्हा ‘ई’ मिळवता येतो, टाकी शाबूत राहिली तर त्यापुढेही.

नवी टाकी घेताना

दुकानातच कॉलर वाचा. मोजणी तुम्ही विकत घेतल्या दिवसापासून नव्हे, टाकी बनली त्या महिन्यापासून होते. दोन वर्षं फळीवर पडून राहिलेली ‘नवी’ टाकी म्हणजे दोन वर्षं कमी.

२० आणि ३० पौंडी टाक्यांचा घेर जवळपास सारखा, साडेबारा इंचांच्या आसपास असतो, म्हणून दोन्ही ट्रेलरच्या त्याच बैठकीत बसतात. उंचीत मात्र साधारण सहा इंचांचा फरक पडतो. दोन टाक्यांच्या मधून जाणारी आट्यांची सळई, वरची पकड आणि प्लास्टिकचं आवरण त्या उंचीला जुळलेलं असतं. २० ऐवजी ३० पौंडी बसवायची तर लांब सळई आणि मोठं आवरण घ्यावं लागेल. शिवाय भरलेली ३० पौंडी टाकी ५५ पौंडांच्या घरात जाते, आणि ते सगळं वजन थेट ट्रेलरच्या जोडावर येतं. ओढणाऱ्या गाडीची क्षमता काठावर असेल तर आधी हिशेब करा.

नव्या टाकीत गॅस नसतो, हवा असते आणि थोडी ओलही असू शकते. पहिल्यांदा भरण्याआधी ती हवा प्रोपेनच्या वाफेने बाहेर काढावी लागते. याला पर्ज करणं म्हणतात आणि ते भरणाऱ्याचं काम आहे. काही टाक्या कारखान्यातूनच निर्वात करून येतात, त्यांवर तसं लेबल असतं. ते फाडू नका आणि झडप उघडूनही बघू नका. लेबल नसेल तर भरायला देताना स्पष्ट सांगा, "टाकी नवी आहे, पर्ज करायची आहे." हे राहून गेलं तर टाकीतला दाब फसवा होतो, चूल फडफडते, फ्रीज पेटत नाही, आणि लोक विनाकारण रेग्युलेटर बदलत बसतात. कोऱ्या पोलादी टाकीत ओल राहिली तर आणखी एक धोका आहे. आतला ताजा गंज गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला वास शोषून घेतो. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे गळती नाकाला कळायची ती कळत नाही.

काढणे आणि बसवणे

टाकी काढण्याआधी आरव्हीतला हीटर, गॅसवरचा फ्रीज आणि पाणी तापवायचं यंत्र बंद करा. दोन्ही टाक्यांच्या झडपा बंद करा. मग चुलीचा एक बर्नर पेटवून ठेवा. नळीत उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझेल. बर्नर बंद करा. आता आवरण काढून वरची पकड सैल करा.

अलीकडच्या ट्रेलरवर नळीच्या टोकाला प्लास्टिकची जाड चाकी असते, ती हाताने डावीकडे फिरवली की सुटते. जुन्या ट्रेलरवर पितळी जोड टाकीच्या तोंडात आत शिरलेला दिसेल. त्याचे आटे उलटे असतात. सोडवताना पाना उजवीकडे फिरवायचा, आवळताना डावीकडे. हे माहीत नसलं की माणूस सगळी ताकद लावून तो आणखी घट्ट करतो.

टाकी गाडीतून नेताना उभी आणि बांधलेली असावी, तोंडाला बूच असावं, काच थोडी खाली असावी. बंद गाडीत ४५ पौंडांपेक्षा मोठी टाकी आणि एकूण ९० पौंडांपेक्षा जास्त गॅस नेऊ नये. भरून झाल्यावर वाटेत वाणसामान घ्यायला थांबू नका. उन्हात तापलेल्या बंद गाडीत भरलेली टाकी सोडून जाणं धोक्याचं आहे.

टाकी जाग्यावर नाही तोवर बाकीचं बघून घ्या. रेग्युलेटरपर्यंत जाणाऱ्या दोन छोट्या नळ्या वाकवून पाहा. रबरावर बारीक भेगा दिसल्या तर दोन्ही बदला. चाकीचा रंग बघून तोच घ्या. आरव्हीवर बहुधा हिरवी असते, ती ताशी २,००,००० बीटीयूपर्यंतचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) प्रवाह जाऊ देते. काळी चाकी १,००,००० बीटीयूची असते आणि हीटर, पाणी व चूल एकदम चालू झाले की कमी पडू शकते. टाकीच्या तोंडात काळं रबरी कडं असतं, ते फाटलेलं किंवा गायब नको. रेग्युलेटरचं हवेचं छिद्र खालच्या दिशेला असावं, नाहीतर त्यात पाणी आणि बर्फ शिरतो.

टाकी बैठकीत नीट टेकवा, तळाचं कडं खाचेत बसलं पाहिजे. पकड आवळा आणि दोन्ही हातांनी टाकी हलवून बघा. हलली तर रस्त्यावर ती सुटेल. प्लास्टिकची चाकी फक्त हाताने आवळायची, पाना लावायचा नाही. या जोडांना टेफ्लॉनची पट्टीही लावायची नाही.

झडप अगदी सावकाश उघडा. झटकन उघडली तर जोडातली सुरक्षा-झडप नळी तुटली असं समजते आणि प्रवाह जवळजवळ बंद करते. चूल मिणमिणती पेटली तर आधी हेच कारण तपासा. झडप बंद करा, एखादं मिनिट थांबा आणि पुन्हा हळू उघडा.

मग साबणाचं पाणी. भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब पाण्यात घाला. अमोनिया किंवा ब्लीच असलेलं काही वापरू नका, त्याने पितळ खराब होतं. ब्रशने झडपेच्या दांड्याभोवती, चाकीच्या जोडावर, नळीच्या दोन्ही टोकांना आणि रेग्युलेटरच्या प्रत्येक जोडावर भरपूर लावा आणि थांबा. मोठी गळती लगेच फेसाळते. बारीक गळती वेळ घेते, सांध्याशी मोहरीएवढा बुडबुडा येतो, हळूहळू फुगतो, फुटतो आणि त्याच जागी दुसरा येतो. घाई केली तर तो दिसतच नाही. जोडाशी गळत असेल तर झडप बंद करून पुन्हा बसवा. झडपेच्या दांड्याशीच गळत असेल तर झडप बंद करा, टाकी मोकळ्या हवेत न्या आणि ज्याने ती तपासली किंवा विकली त्याला बोलवा. स्वतः झडप आवळायला जाऊ नका.

गळती नाही अशी खात्री झाली की आधी चूल पेटवा. नळीतली हवा निघून जायला थोडा वेळ लागतो. मगच फ्रीज आणि पाण्याचं यंत्र. ती पहिल्या प्रयत्नात पेटली नाहीत तरी घाबरू नका, आतली हवा निघाली की पेटतात.

आत गेलाच आहात तर जमिनीलगत भिंतीवर बसवलेला गॅस-अलार्म बघा. तो खाली असतो कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. या अलार्मलाही मुदत असते, मॉडेलप्रमाणे पाच ते सात वर्षं, आणि तारीख बहुधा मागच्या बाजूला छापलेली असते. टाकी बारा वर्षं टिकली असेल तर मूळ अलार्म नक्कीच संपलेला आहे. तो आजच बदला.

जुन्या टाकीचं काय करायचं

प्रोपेनची टाकी कचऱ्याच्या डब्यात किंवा रिसायकलिंगच्या निळ्या पेटीत टाकू नका. ‘रिकाम्या’ टाकीतही वाफ असते आणि कचरागाडी कचरा दाबते. २० पौंडी असेल तर अदलाबदलीच्या पिंजऱ्यात द्या. मोठी असेल तर गॅस विक्रेत्याला विचारा, नाहीतर काउंटीच्या घातक-कचरा संकलन केंद्रावर न्या. टाक्या घेण्याचा दिवस कोणता ते आधी फोन करून विचारा. भंगारवाले बहुतेकदा झडप काढलेली टाकीच मागतात. ते काम घरी करू नका. झडप काढायची तर आतला गॅस पूर्ण निघालेला असावा लागतो आणि त्यासाठीची साधनं विक्रेत्याकडेच असतात.